'कंपेअर'नंतर 'टू' की 'विथ' : एका नियमाची चिकित्सा

१

इंग्रजीच्या अध्यापनात काही नियम असे आढळतात की, त्यांना असत्य म्हणता येत नाही; परंतु ज्या रूपात ते शिकविले जातात त्या रूपात त्यांना सत्य म्हणणेही कठीण जाते. 'कंपेअर' या नित्य परिचयाच्या क्रियापदानंतर 'टू' हे अव्यय योजावे की 'विथ', यासंबंधीचा नियम याच कोटीतला आहे. साम्य सुचवावयाचे असल्यास 'टू' आणि साम्यभेदांची तपासणी करावयाची असल्यास 'विथ', असे त्याचे सार आहे. नियम लहान आहे, स्मरणास सुलभ आहे, आणि उत्तरपत्रिकेवर तांबडी रेघ ओढण्यास तर फारच सोयीचा आहे. या शेवटच्या गुणामुळेच त्याची चिकित्सा अगत्याची ठरते. ज्या विद्यार्थ्याचे गुण या नियमाच्या आधारे कापले जातात तो खरोखर चुकलेला असतो काय, आणि असल्यास नेमका कोठे, हे सांगण्याची जबाबदारी नियम शिकविणाऱ्यावर येते.

प्रश्न एका अव्ययाचा असला तरी त्याच्यामागे दोन व्यापक प्रश्न उभे आहेत. क्रियापदानंतर कोणते अव्यय यावे हे कोण ठरविते : क्रियापद, वक्त्याचा अभिप्राय, की वाक्याची रचना? हा पहिला प्रश्न. भाषेत जेथे खरोखरच विकल्प आहे तेथे व्याकरणकाराने कोणती भूमिका घ्यावी, हा दुसरा. यांपैकी दुसऱ्या प्रश्नाचा विचार आपल्याकडे फार पूर्वीच झालेला आहे. आणि पहिल्या प्रश्नावर मराठी भाषेच्या घडणीतून अनपेक्षित प्रकाश पडतो. प्रस्तुत चिकित्सेत इंग्रजीच्या प्रश्नासाठी मराठी व संस्कृत यांच्याकडे वळण्याचे प्रयोजन एवढेच आहे.

२

प्रथम नियमाचे स्वरूप पाहू. फाउलर यांच्या इंग्रजी प्रयोगकोशात (१९२६) हा नियम क्रियेच्या स्वरूपावर उभारलेला आहे. एक वस्तू दुसरीसारखी आहे असे सुचविणे ही एक क्रिया. त्या सादृश्याचा तपशील पारखणे, त्याची मर्यादा ठरविणे ही दुसरी. पहिलीला 'टू' आणि दुसरीला 'विथ'. याउलट स्ट्रंक यांच्या लेखनविषयक पुस्तिकेत, जी व्हाइट यांच्या संस्करणासह १९५९ साली प्रसिद्ध झाल्यानंतर अमेरिकेत सर्वत्र पसरली, नियमाला वेगळाच आधार दिलेला आहे. मूलतः भिन्न वर्गांतील वस्तूंमध्ये साम्य दाखविताना 'टू', आणि एकाच वर्गातील वस्तूंमध्ये मुख्यतः भेद दाखविताना 'विथ', असे तेथे सांगितले आहे.

वरवर पाहता ही दोन्ही विधाने एकच वाटतात, आणि अध्यापनात ती बहुधा एकत्र मिसळूनच सांगितली जातात. वस्तुतः त्यांच्या कसोट्या भिन्न आहेत. एक कसोटी क्रियेची आहे, दुसरी वस्तूंच्या वर्गाची. बहुसंख्य उदाहरणांत दोहोंचा निर्णय एकच येतो, कारण आपण उपमा बहुधा विजातीय वस्तूंची देतो आणि तपासणी बहुधा सजातीय वस्तूंची करतो. मनाला आरशाची उपमा दिली जाते. दोन शहरांची लोकसंख्या ताडून पाहिली जाते. परंतु जेथे या दोन कसोट्या परस्परांपासून दूर जातात तेथेच त्यांची खरी परीक्षा होते.

एक उदाहरण घेऊ. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांना 'मराठी भाषेचे पाणिनी' म्हणण्याची प्रथा आहे. दादोबा आणि पाणिनी हे दोघेही वैयाकरण. म्हणजे एकाच वर्गातील. वर्गाची कसोटी लावली तर ही प्रथा इंग्रजीत सांगताना 'विथ' योजावे लागेल. पण तसे केल्यास अर्थच पालटतो. कोणीतरी 'अष्टाध्यायी' आणि दादोबांचे १८३६ सालचे व्याकरण ही दोन्ही समोर ठेवून त्यांतील साम्यभेदांचा हिशेब मांडला, असा बोध त्यातून होईल. प्रथेचा आशय तो नाही. पाणिनीने संस्कृतासाठी जे केले त्यासारखे काही दादोबांनी मराठीसाठी केले, एवढाच गौरव तिच्यात आहे. आणि म्हणून तेथे 'टू' हेच अव्यय योग्य आहे. यावरून वर्गाची कसोटी गौण आणि क्रियेची कसोटी मुख्य, हे स्पष्ट होते. एका नियमाच्या नावाखाली दोन नियम शिकविले जात असतील, आणि त्यांतला एक दुसऱ्याच्या विरोधात जात असेल, तर विद्यार्थ्याचा गोंधळ हा त्याचा एकट्याचा दोष मानता येणार नाही.

भारतातील शाळांतून पिढ्यान्‌पिढ्या वापरल्या गेलेल्या रेन व मार्टिन यांच्या व्याकरणात तिसरी पद्धत दिसते. ती याद्यांची आहे. अमुक क्रियापदे, नामे व विशेषणे यांच्यामागून 'टू' येते, अमुकांच्यामागून 'विथ', अशी त्यांची वर्गवारी तेथे केलेली आहे. पाठांतरासाठी यादीचा उपयोग आहेच. 'कम्प्लाय'नंतर 'विथ' का, याचे कारण शोधत बसण्यापेक्षा ते लक्षात ठेवणे बरे. परंतु जेथे एकाच क्रियापदाला दोन अव्यये लागतात आणि त्यांनी अर्थ बदलतो, तेथे यादी मुकी होते. अव्यय हे जणू क्रियापदाला जन्मतः चिकटलेले शेपूट आहे असा समज यादीमुळे दृढ होतो, आणि ते निवडणे हा अभिप्रायाचा भाग आहे हे ध्यानात येत नाही.

३

या दोन अव्ययांचा इतिहास पाहिल्यास त्यांच्यातील भेद अधिक स्पष्ट होतो. 'टू' हे मुळात दिशावाचक आहे. एक वस्तू स्थिर असते आणि दुसरी तिच्याकडे नेली जाते. 'विथ'चा प्रवास याहून विलक्षण आहे. प्राचीन इंग्रजीत या शब्दाचा प्रमुख अर्थ 'विरुद्ध, समोरासमोर' असा होता. साहचर्याचा अर्थ 'मिड' या दुसऱ्या शब्दाकडे होता. मध्ययुगीन इंग्रजीत 'मिड' लोपला आणि त्याचे काम 'विथ'कडे आले. जुना अर्थ मात्र सर्वस्वी गेला नाही. कोणाशी भांडणे, झगडणे या अर्थाच्या क्रियापदांनंतर आजही 'विथ' येते, ते त्या जुन्या अर्थाची साक्ष म्हणून. तेव्हा 'कंपेअर विथ' या प्रयोगात दोन वस्तू एकमेकींसमोर उभ्या केल्या जातात आणि एकत्रही आणल्या जातात. दोघींचा दर्जा तेथे समान असतो. 'टू'मध्ये तो समान नसतो. ज्याकडे न्यावयाचे ते प्रमाण, आणि जे न्यावयाचे ते प्रमेय.

क्रियापदाचे मूळही या द्वैताला पोषकच आहे. लॅटिनमधील 'कोम्पारारे' हे क्रियापद 'पार', म्हणजे सम, या शब्दापासून सिद्ध झालेले आहे, आणि त्याच्यासह 'कुम्' हे साहचर्यवाचक अव्यय व चतुर्थी विभक्ती अशा दोन्ही रचना लॅटिनमध्ये आढळतात. फ्रेंचमध्येही 'आ' आणि 'आवेक' अशी दोन अव्यये या क्रियापदासह येतात. सारांश, इंग्रजीतील हा विकल्प कोणा व्याकरणकाराने कल्पिलेला नाही. तो पूर्वापार आहे. व्याकरणकारांनी केले ते एवढेच की, आधीच असलेल्या या विकल्पाला त्यांनी एका काटेकोर विभागणीचे रूप दिले.

ही विभागणी पूर्वीच्या लेखनात काटेकोर नव्हती, याचा एक पुरावा १६११ सालच्या इंग्रजी बायबलात मिळतो. त्यातील नीतिसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायात, मनुष्याला हवीशी वाटणारी कोणतीही वस्तू ज्ञानाच्या तोडीची नाही, अशा आशयाचे वचन आहे. तेथे 'कंपेअर्ड'नंतर 'अन्टू', म्हणजे 'टू'चेच जुने भावंड, आलेले आहे. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या आठव्या अध्यायात, वर्तमानकाळची दुःखे भावी वैभवाच्या तोडीची नाहीत, अशा आशयाचे वचन आहे. तेथे 'कंपेअर्ड'नंतर 'विथ' आहे. दोन्ही ठिकाणी आशयाचा साचा एकच : एक वस्तू दुसरीच्या तोडीची नसणे. दोन्ही ठिकाणी क्रियापद कर्मणी आहे. अव्यये मात्र दोन आहेत. भाषांतर करणारे निरनिराळे होते हे खरे. परंतु त्या काळच्या विद्वानांना येथे दोन्ही अव्यये चालत होती, एवढे तरी यावरून निश्चित होते.

४

'टू'चे उदाहरण म्हणून सहज आठवणारे काव्य म्हणजे शेक्सपिअरचे अठरावे सुनीत. १६०९ साली छापल्या गेलेल्या या सुनीताच्या पहिल्याच ओळीत प्रिय व्यक्तीला उन्हाळ्याच्या दिवसाची उपमा द्यावी काय, असा प्रश्न आहे, आणि तेथे 'कंपेअर'पुढे 'टू' आहे. (इंग्लंडातील उन्हाळा हा सुखद ऋतू, हे वैशाखवणव्यात वाढलेल्या मराठी वाचकाने लक्षात ठेवावे.) साम्य सुचविले म्हणून 'टू', असे पहिल्या ओळीपुरते म्हणून थांबता येते. परंतु सुनीत पहिल्या ओळीवर थांबत नाही. पुढे कवी करतो ते काय? प्रिय व्यक्ती त्या दिवसाहून अधिक रमणीय आहे, अधिक समशीतोष्ण आहे. उन्हाळ्यात वारे सुटतात, त्याची मुदत अल्प असते, सूर्य कधी फार तापतो, कधी झाकोळतो. प्रिय व्यक्तीचा उन्हाळा मात्र ओसरणार नाही. म्हणजे एकेक मुद्दा घेऊन भेद मांडला जातो. फाउलर यांच्या भाषेत सांगावयाचे तर ही तपशिलाची तपासणी झाली, आणि तिला 'विथ' हवे.

यावरून शेक्सपिअर चुकला असे कोणी म्हणणार नाही. नियमाच्या कैवाऱ्यास असे उत्तर देता येईल की, कवीने विचारलेला प्रश्न उपमेचा आहे; पुढे त्याने ती उपमा नाकारली, एवढेच. हे उत्तर ग्राह्य आहे. आपल्या अलंकारशास्त्राच्या परिभाषेत ते अधिक नेमके मांडता येते. उपमेय उपमानाहून सरस ठरविले जाते तेव्हा तेथे व्यतिरेक अलंकार होतो, आणि व्यतिरेकाला आधी उपमेची भूमी लागते. अठरावे सुनीत उपमेने आरंभ करून व्यतिरेकाने पुढे जाते. पण हे मान्य केले की आणखी एक गोष्ट मान्य करावी लागते : सादृश्य सुचविणे आणि सादृश्य तपासणे या दोन क्रिया निरनिराळ्या कप्प्यांत बंद नाहीत. त्या एकाच विचाराच्या दोन पायऱ्या आहेत, आणि बोलणारा एकीवरून दुसरीवर केव्हा गेला हे नेहमीच सांगता येत नाही. ज्या नियमाची सीमारेषा मुळातच अशी सरकती आहे त्याचे उल्लंघन प्रत्येक वेळी चूक म्हणून नोंदविणे न्याय्य नाही.

५

आता रचनेकडे वळू. हा नियम क्रियापदाच्या कर्तरी प्रयोगात जितका स्पष्ट आहे तितका तो धातुसाधितात नाही, ही गोष्ट अध्यापनात बहुधा दुर्लक्षिली जाते. 'गेल्या वर्षाच्या मानाने यंदा पाऊस कमी झाला' या अर्थाचे इंग्रजी वाक्य 'कंपेअर्ड टू' किंवा 'कंपेअर्ड विथ' यांपैकी कोणत्याही पदसमूहाने सुरू होऊ शकते. अर्थात काडीचा फरक पडत नाही. मेरियम-वेब्स्टर यांच्या इंग्रजी प्रयोगकोशात (१९८९) प्रत्यक्ष लेखनातील उदाहरणांच्या आधारे असाच निष्कर्ष काढलेला आहे. सादृश्य सुचविणाऱ्या कर्तरी प्रयोगात 'टू'चे प्राबल्य दिसते; तपासणीच्या अर्थी नियम तितकासा पाळला जात नाही; आणि भूतकालवाचक धातुसाधितानंतर दोन्ही अव्यये सारख्याच सहजतेने येतात.

असे का व्हावे? पावसाच्या वाक्यात तुलना करणारा कोणीच नाही. 'कंपेअर्ड' या रूपाला कर्ता नाही, आणि वाक्याचा कर्ता जो पाऊस तो काही तुलना करीत नाही. धातुसाधिताने येथे आपले क्रियापण जवळजवळ टाकून दिलेले आहे. 'कन्सर्निंग', 'रिगार्डिंग' ही रूपे जशी क्रियापदांपासून निघून अव्ययांच्या पंक्तीला जाऊन बसली, तसेच 'कंपेअर्ड टू' आणि 'कंपेअर्ड विथ' हे पदसमूह 'मानाने, अपेक्षेने' या अर्थाची संयुक्त अव्यये होऊ पाहत आहेत. नियम क्रियेच्या प्रकारावर आधारलेला आहे. जेथे क्रियाच उरली नाही तेथे तिचा प्रकार कोठून असणार? तेव्हा या जागी नियम लागू न होणे ही बोलणाऱ्याची शिथिलता नव्हे. नियमाला जो आधार लागतो तो येथे अस्तित्वातच नाही.

अकर्मक प्रयोगाची स्थिती आणखी निराळी. 'अमुक तमुकाच्या तोडीचे नाही' या अर्थी 'कंपेअर' हे अकर्मक येते तेव्हा, विशेषतः नकारार्थी वाक्यात, 'विथ'कडे कल असतो. प्रश्नार्थी वाक्यात 'टू'ही पुष्कळ ऐकू येते. म्हणजे एकाच क्रियापदाच्या निरनिराळ्या रचनांत विकल्पाचे प्रमाण निरनिराळे आहे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर येथे मिळते. अव्ययाची निवड एकटे क्रियापद करीत नाही, एकटा अर्थही करीत नाही. रचना ज्या प्रमाणात अर्थभेदाला वाव देते त्या प्रमाणात अर्थ निवड करतो.

६

मराठी भाषकाला हा भेद अपरिचित आहे काय? मुळीच नाही. इंग्रजीत जो भेद अव्ययात आहे तो मराठीत नामात आहे. 'उपमा देणे' आणि 'तुलना करणे' ही दोन क्रियापदे मराठीने निरनिराळी ठेवली आहेत, आणि त्यांच्या विभक्तीही निरनिराळ्या आहेत. मुखाला चंद्राची उपमा देतात. मराठीची गुजरातीशी तुलना करतात. 'चंद्राशी उपमा' असे कोणी म्हणत नाही. 'तुलने'बरोबर येणारा 'शी' हा प्रत्ययही पाहण्याजोगा आहे. आपण मित्राशी बोलतो आणि शत्रूशी लढतो. साहचर्य आणि सामना हे दोन्ही अर्थ या एका प्रत्ययाने व्यक्त होतात. 'विथ'च्या इतिहासात जे दोन अर्थ एकत्र आले तेच येथेही एकत्र नांदताना दिसतात.

साम्य येथेच संपत नाही. 'मराठीशी तुलना केली' येथे 'शी' आहे. परंतु 'मराठीच्या तुलनेत' असे म्हणताच 'शी' नाहीसा होऊन षष्ठी येते, आणि ती षष्ठी तुलनेच्या प्रकाराविषयी काहीच सांगत नाही. इंग्रजीतील 'कंपेअर्ड टू' व 'कंपेअर्ड विथ' यांचा भेद ज्या जागी मावळतो, बरोबर त्याच जागी मराठीतही विभक्तीचा भेद मावळतो. परस्परांशी दूरचे नाते असलेल्या दोन भाषांत एकाच रचनेत हे घडावे, हा वर दिलेल्या उपपत्तीला मिळालेला आधारच होय.

मात्र मराठीत एक विषमता आहे, आणि मराठी विद्यार्थ्याच्या चुकीचे मूळ तिच्यात आहे. 'उपमा' हा शब्द केवळ सादृश्यासाठी राखलेला असला तरी 'तुलना' हा शब्द दोन्ही कामे करतो. 'त्याने तिच्या मुखाची तुलना चंद्राशी केली' हे वाक्य मराठीत सर्वमान्य आहे. आता हे वाक्य मनात धरून इंग्रजी लिहू लागणारा विद्यार्थी 'शी'च्या जागी 'विथ' घालणार, हे उघड आहे. परिणामी, मुख आणि चंद्र दुर्बिणीखाली ठेवून त्यांची पाहणी झाल्यासारखे वाक्य तयार होते. इंग्रजीत प्रवाह उलटा आहे : तेथे 'टू' आपली हद्द ओलांडून 'विथ'च्या प्रदेशात शिरत आहे. मराठी भाषक 'विथ' नको तेथे घालतो. इंग्रजी भाषक 'टू' जास्त ठिकाणी घालतो. दोहोंना एकच नियम एकाच शब्दांत सांगून भागणार नाही.

मराठी विद्यार्थ्याला यादीपेक्षा एक प्रश्न अधिक उपयोगी पडेल : येथे 'उपमा देणे' म्हणता येईल काय? म्हणता येत असेल तर 'टू'. त्याऐवजी 'ताडून पाहणे' म्हणता येत असेल तर 'विथ'. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या महाभारत-संशोधनात, ज्याचे आदिपर्व सुकथनकरांच्या संपादकत्वाखाली १९३३ साली पूर्ण झाले आणि ज्याची मुख्य संहिता १९६६ साली समाप्तीस गेली, हस्तलिखित पोथ्या एकमेकींशी ताडून पाहिल्या गेल्या. या क्रियेचे इंग्रजीत वर्णन करताना 'टू' कानाला खटकते, कारण एका पोथीला दुसरीची उपमा देण्यात काहीच हशील नसते. तेथे दोन्ही पोथ्या साक्षीदार म्हणून समोरासमोर उभ्या असतात.

७

आता दुसरा प्रश्न. जेथे भाषेत विकल्प आहे तेथे व्याकरणकाराने काय करावे? योगायोग असा की, पाणिनीचे एक सूत्र नेमक्या याच विषयावर आहे. 'अष्टाध्यायी'च्या दुसऱ्या अध्यायाच्या तिसऱ्या पादातील बहात्तराव्या सूत्रात 'तुल्य' या अर्थाच्या शब्दांच्या योगात तृतीया विकल्पाने सांगितली आहे, पक्षी षष्ठी. 'चन्द्रेण तुल्यम्' आणि 'चन्द्रस्य तुल्यम्' ही दोन्ही रूपे साधू. आणि त्याच सूत्रात 'तुला' व 'उपमा' हे दोन शब्द या विकल्पातून वगळलेले आहेत, त्यांना षष्ठीच. मराठीतील 'चंद्राची उपमा' या षष्ठीची येथे आठवण होते. परंतु 'तुला' वगळली असताना मराठीत 'तुलने'ला 'शी' लागतो. तेव्हा हे साम्य वारशाचे आहे असा दावा करणे धाडसाचे होईल. येथे महत्त्व आहे ते पाणिनीच्या वृत्तीला. दोन्ही प्रयोग शिष्टांच्या भाषेत आहेत असे दिसल्यावर त्याने एकाला अशुद्ध ठरविले नाही. विकल्प कोठवर आहे आणि कोठे थांबतो, हे त्याने नोंदविले.

याहून पुढची पायरी पॉल किपार्स्की यांच्या पाणिनीवरील ग्रंथात (१९७९) आढळते. पुणे विद्यापीठाच्या संस्कृत प्रगत अध्ययन केंद्राच्या सहयोगाने प्रसिद्ध झालेल्या या ग्रंथात असे प्रतिपादन आहे की, विकल्प सांगण्यासाठी पाणिनीने योजलेले 'वा', 'विभाषा' आणि 'अन्यतरस्याम्' हे शब्द, परंपरेने मानले तसे, समानार्थक नाहीत. 'वा' म्हणजे हा पर्याय अधिक पसंत. 'विभाषा' म्हणजे हा पर्याय संभवतो, पण विरळा. 'अन्यतरस्याम्' म्हणजे दोन्ही सारखेच. हा पक्ष सर्वमान्य झालेला आहे असे नव्हे. परंतु पाणिनीचा अभिप्राय कोणताही असो, विकल्पाच्या या तीन श्रेणी स्वतंत्रपणे उपयुक्त आहेत, हे निर्विवाद आहे.

'कंपेअर'च्या नियमाला त्या लावून पाहिल्यास पुढील व्यवस्था लागते. सादृश्य सुचविणाऱ्या कर्तरी प्रयोगात 'टू' हे जवळजवळ नित्य. तेथे 'विथ' चूकच समजावे. तपासणीच्या कर्तरी प्रयोगात 'विथ' अधिक पसंत, 'टू' क्षम्य. अकर्मक नकारार्थी प्रयोगात 'विथ' अधिक पसंत. धातुसाधितात दोन्ही समान; तेथे तांबड्या रेघेला स्थान नाही. चूक आणि बरोबर या दोनच खणांत न मावणारी वस्तुस्थिती या श्रेणींत सुखाने मावते.

यावर एक आक्षेप संभवतो. परभाषा शिकणाऱ्याला विकल्पांचे जाळे दाखविण्यापेक्षा एक ठाम नियम देणे हिताचे नव्हे काय? प्राथमिक पायरीवर हा आक्षेप खरा आहे. ज्याला अजून वाक्य जुळवावयाचे आहे त्याला श्रेणी सांगून काय उपयोग? त्याने सर्वत्र क्रियेची कसोटी लावावी. ती लावून त्याचे काहीच बिघडणार नाही. परंतु शिकण्यासाठी दिलेला नियम आणि परीक्षणासाठी वापरलेला नियम एकच असला पाहिजे असे नाही. सुरक्षित मार्ग कोणता हे सांगणे वेगळे, आणि त्या मार्गाबाहेरचे प्रत्येक पाऊल खड्ड्यात पडते असे सांगणे वेगळे. पदव्युत्तर पातळीवर, विशेषतः ज्यांना भाषा हाच अभ्यासविषय आहे त्यांच्या बाबतीत, दुसरे विधान असत्य म्हणूनच त्याज्य ठरते.

८

शेवटी, या लहानशा भेदाचे मोल केवळ इंग्रजीच्या उत्तरपत्रिकेपुरते नाही. भाषाविज्ञानाने ज्या शब्दाने आपले आधुनिक जीवन सुरू केले तो शब्द 'तुलनात्मक' हा आहे. बॉप यांच्या १८१६ सालच्या ग्रंथाच्या नावातच संस्कृतची क्रियापदव्यवस्था ग्रीक, लॅटिन, फारसी व जर्मानिक भाषांतील व्यवस्थेशी ताडून पाहण्याचा उल्लेख आहे, आणि तेथील जर्मन अव्यय 'मिट', म्हणजे 'विथ', हे आहे. या शास्त्राचे सामर्थ्य यातच आहे की, त्यात कोणतीही भाषा प्रमाण नसते. सर्व भाषा साक्षीदार असतात.

मराठीच्या व्याकरणाला हे भाग्य नेहमीच लाभले असे नाही. संस्कृतच्या धर्तीवर मराठीच्या विभक्तींचा तक्ता मांडला गेला, आणि त्यात 'ने' व 'शी' हे दोन प्रत्यय तृतीयेच्या एकाच घरात बसविले गेले. 'सुरीने कापणे' आणि 'मित्राशी बोलणे' यांत काय साधर्म्य आहे? मराठीपुरते पाहिले तर काहीच नाही. संस्कृतात करण आणि साहचर्य ही दोन्ही कार्ये तृतीया करते, एवढेच त्यामागचे कारण दिसते. 'शी'च्या अंगी असलेला साहचर्य-सामना हा दुहेरी अर्थ, ज्याचा वर विचार केला, तो या घरात बसविल्याने झाकला जातो. याचे निदान एका वाक्यात करता येईल : येथे मराठीला संस्कृतची उपमा दिली गेली, संस्कृतशी तिची तुलना झाली नाही.

'मराठी व इंग्रजी यांचा तुलनात्मक अभ्यास' अशा शीर्षकाचे प्रबंध आजही लिहिले जातात. अशा प्रबंधात मराठीला इंग्रजीच्या चौकटीकडे नेले आहे, की दोन्ही भाषा समोरासमोर उभ्या केल्या आहेत, हे पाहणे परीक्षकाचे पहिले कर्तव्य आहे. पृष्ठापृष्ठावरील 'कंपेअर्ड टू' खोडून 'कंपेअर्ड विथ' करणे हे फार तर शेवटचे, आणि बहुधा अनावश्यक. अव्यय कोणते लिहिले यापेक्षा कोणती क्रिया केली, हाच या नियमाचा खरा अर्थ आहे. आणि तो अर्थ ज्याला उमगला त्याला नियम वेगळा पाठ करावा लागत नाही.